लेकीची पहिली डेट आणि बाबांची उडालेली झोप

ताई,

माझी मुलगी १६ वर्षांची आहे. परवा जेवता जेवता तिने सांगितलं, की शनिवारी ती वर्गातल्या एका मुलाबरोबर सिनेमाला जाणार आहे. मी विचारलं, अजून कोण कोण आहे? तर म्हणाली, 'कुणी नाही बाबा, आम्ही दोघंच.' मी 'बघू' म्हणालो आणि ताटावरून उठलो. त्या रात्री ती झोपल्यावर मी तिचा फोन उघडला. पासवर्ड मला माहीत होता, तिनेच कधीतरी सांगितला होता. त्या मुलाबरोबरचे मेसेज वाचले. अभ्यास, शिक्षकांच्या नकला, एखाद-दुसरा मेसेज जरा लाडिक. आक्षेपार्ह काही नाही. तरी तेव्हापासून झोप लागत नाही.

बायको म्हणते, 'सांगून जातेय ना, मग जाऊ दे.' मी तिला म्हटलं, तू गोडीगुलाबीने तिच्याकडून सगळं काढून घे आणि मला सांग. त्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मुलाच्या वडिलांना फोन करावा असं वाटतं. त्याच शोचं तिकीट काढून मागच्या रांगेत बसावं, असंही डोक्यात येतं. मोठा मुलगा १९ वर्षांचा आहे. तो हसतो. म्हणतो, 'माझ्या वेळी तुम्ही विचारलंसुद्धा नव्हतं.' खरं आहे, नव्हतं विचारलं. पण मुलीची गोष्ट वेगळी असते की नाही? मी तिला जाऊ देऊ का? आणि दिलं, तर मी काय करू?

– एक बाप

जाऊ द्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. कधी अडवावं तेही सांगणार आहे, पण तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही. मुलगा वर्गातला आहे, बरोबरीच्या वयाचा आहे, जायचं ते ठिकाण माणसांनी भरलेलं आहे आणि तिने हे सगळं आपणहून सांगितलं आहे.

हा शेवटचा मुद्दा तुम्ही एका ओळीत उरकलात, म्हणून मी तिथेच थांबते. सोळा वर्षांच्या मुलीला 'मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते' म्हणून घराबाहेर पडणं काही अवघड नव्हतं. तिने तसं केलं नाही. 'आम्ही दोघंच' हे बापाच्या तोंडावर म्हणायला तिला किती धीर गोळा करावा लागला असेल, याचा जरा अंदाज करा. घास हातात धरून ती योग्य क्षणाची वाट बघत बसली असेल. आणि त्यावर तिला मिळालं काय? 'बघू', आणि अर्धवट ताटावरून उठलेले बाबा.

स्वीडनमधल्या हाकन स्टॅटिन आणि मार्गारेट केर या संशोधकांनी २००० साली एक साधा प्रश्न घेतला होता. मुलं घराबाहेर काय करतात हे आईबापांना कळतं, ते नेमकं कशामुळे? तोवर सर्वसाधारण समज असा होता, की जे आईबाप लक्ष ठेवतात, चौकशा करतात, नियम लावतात त्यांना जास्त माहीत असतं आणि म्हणून त्यांची मुलं कमी भरकटतात. या दोघांनी १४ वर्षांच्या मुलामुलींकडून आणि त्यांच्या पालकांकडून माहिती घेतली तेव्हा निराळंच निघालं. आईबापांना जे ठाऊक होतं, त्यातलं बरंचसं मुलांनी स्वतःहून सांगितलेलं होतं. चौकशा आणि नियमांचा वाटा त्यामानाने थोडा. म्हणजे डोळ्यांत तेल घालून जागणाऱ्या बापापेक्षा, ज्याला लेक येऊन सांगते त्या बापाला जास्त माहीत असतं. तुम्हाला लेक सांगते. पुढच्या वेळीही सांगेल की नाही, ते या आठवड्यातल्या तुमच्या वागण्यावर आहे.

आता फोन. ते वाक्य तुम्ही पत्राच्या मधोमध टाकलंत आणि 'आक्षेपार्ह काही नाही' म्हणून लगेच पुढे निघालात. तिच्या मेसेजमध्ये आक्षेपार्ह नव्हतं, हे कबूल. पासवर्ड तिने सांगितला होता तो कशासाठी? फोन हरवला, काही नड आली, तर बाबांना माहीत असावा म्हणून. ती झोपल्यावर उघडायला नव्हे.

पण चोरून वाचलं एवढ्यावरच माझा राग नाही. पुढच्या काही वर्षांत तुमच्या मुलीला काय ओळखता यायला हवं, याचा विचार करा. हात उगारणारा मुलगा कुणालाही ओळखू येतो. अवघड असतो तो काळजीच्या नावाखाली मूठ आवळत नेणारा. तो म्हणतो, 'पासवर्ड दे ना, आपल्यात काय लपवायचं?' दर अर्ध्या तासाने विचारतो, 'कुठे आहेस? कुणाबरोबर आहेस? फोटो पाठव बघू.' ती मैत्रिणींबरोबर गेली की रुसतो. 'तुझ्यावर विश्वास आहे गं, बाकीच्यांवर नाही,' हे त्याचं ठरलेलं वाक्य. अशा मुलापाशी चांगल्या हुशार मुली अडकतात, कारण हे सगळं त्यांना प्रेमासारखं दिसतं. आणि प्रेम असं दिसतं, हे त्या कुठे बघतात? पुष्कळदा घरातच. तिच्यावर सगळ्यांत जास्त जीव टाकणारा पुरुष रात्री तिचा फोन उघडतो, तिच्या मागे सिनेमागृहात जाऊन बसायचा बेत करतो, तिच्या मनातलं तिच्या आईकरवी काढून घेऊ बघतो, आणि कुणी विचारलं तर म्हणतो, 'काळजीपोटी.' उद्या दुसऱ्या कुणी हेच केलं, तर तिला ते खटकायचं कसं?

झोंबलं असेल. झोंबू द्या. तुमच्या पत्रातल्या त्या मुलाने अजून काहीच केलेलं नाही. वर दिलेल्या यादीतल्या गोष्टी या घडीला तुमच्या नावावर आहेत.

मग करायचं काय? तिला सांगायचं. शनिवारच्या आधी, आणि तुम्ही स्वतः. 'तिला कुठे कळणार आहे' असं मनात आलं असेल, तर ते काढून टाका. कधीतरी भांडणाच्या भरात त्या मेसेजमधलं एखादं वाक्य तुमच्याच तोंडून निसटेल. असलं काही माणसाच्या पोटात फार दिवस राहत नाही. तसं कळण्यापेक्षा बाबांनी समोर बसून सांगितलेलं पुष्कळ बरं.

सांगताना लांबण लावू नका. 'परवा रात्री मी तुझा फोन उघडला आणि मेसेज वाचले. मी घाबरलो होतो. तरी मी ते करायला नको होतं. पुन्हा करणार नाही. तू पासवर्ड बदल.' बस्स. यानंतर 'पण तूही आम्हाला समजून घे' हे वाक्य येता कामा नये, कारण ते आलं की माफी संपते आणि व्याख्यान सुरू होतं. ती चिडेल, रडेल, दार आपटेल. कदाचित तिची आई दोन दिवस बोलली नाही, तर ही चार दिवस बोलणार नाही. दाराबाहेर उभं राहून 'अगं ऐक तरी' करू नका. तिला रागवायचा पूर्ण हक्क आहे आणि तो तिला वापरू द्या. नंतर तिने खरोखरच पासवर्ड बदलला, तर 'काय ठेवलास नवीन?' असं गमतीतही विचारायचं नाही. अडीनडीला घरात असावा असं वाटत असेल, तर ती कागदावर लिहून, पाकीट चिकटवून आईकडे देऊ शकते. फोडलेलं पाकीट दिसतं, हा त्या पद्धतीचा फायदा.

तुमच्या पत्नीबद्दल एवढंच म्हणते, की त्यांना हेरगिरीला लावू नका. मुलगी आईशी जे बोलते ते आईपाशी राहतं, असा तिचा विश्वास आहे. तो गेला तर घरात बोलायला कुणी उरत नाही, आणि सोळाव्या वर्षी बोलायला कुणीतरी लागतंच. मग ते कुणी बाहेरचं असतं.

'मुलीची गोष्ट वेगळी असते की नाही?' हा तुमचा प्रश्न मी टाळणार नाही. असते. रस्त्यात छेड तिचीच काढली जाते, काही बिनसलं तर नावं तिलाच ठेवली जातात, आणि दिवस गेले तर तिला जातात. बापाला लेकीची धास्ती जास्त वाटते यात नवल नाही. पण त्या धास्तीतून तुम्ही काढलेला हिशेब मला पटत नाही. मुलींना धोका असतो तो बहुतेक वेळा मुलांकडून. मग घरातल्या मुलाला काही न सांगता सोडायचं आणि मुलीला मात्र अडवायचं, याने धोका कमी कसा होणार? तुमच्या लेकाच्या हसण्यात थोडी तक्रारही आहे, ऐकू येते का बघा. तो तुमच्याकडून काही न ऐकता पहिल्या डेटला गेला. समोरची नाही म्हणाली की तिथेच थांबायचं आणि तोंड पाडायचं नाही, हे त्याला कुणी सांगितलं? ती गप्प बसली म्हणजे हो म्हणाली असं धरायचं नाही, हे कुणी सांगितलं? एकोणिसाव्या वर्षी सांगायला उशीर झालेला नाही. या आठवड्यात तुम्हाला दोन मुलांशी बोलायचं आहे. (सोळावं वर्ष लागलं की लेकाशी मित्रासारखं वागावं, असं जुनी माणसं सांगून गेली. लेकीचं नाव घ्यायचं त्यांच्याकडून राहून गेलं, ते आपण भरून काढू.)

तुमची सगळीच भीती मनाचे खेळ आहेत, असंही मी म्हणणार नाही. परिणामांचा विचार करणारा, स्वतःला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. मजा, थरार, कुणी केलेलं कौतुक यांना दाद देणारी यंत्रणा मात्र त्याआधीच, ऐन किशोरवयात, जोरात असते. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात वेगवेगळ्या वयाच्या लोकांना गाडी चालवण्याचा व्हिडिओ गेम खेळायला दिला होता. कधी एकट्याने, कधी मित्र बघत असताना. मित्र बघत असले की १३ ते १६ वर्षांची मुलं कितीतरी जास्त धोका पत्करत होती. चोविशीच्या पुढच्या लोकांना मात्र कुणी बघतंय की नाही याने फारसा फरक पडत नव्हता.

'बघा, मी म्हणतच होतो!' असं म्हणून उठू नका, बसा. यातून मुलांना घरी ठेवायचं असं निघत नाही. घरी ठेवलेल्या मेंदूला सराव मिळत नाही, आणि आवर घालायला तो सरावानेही शिकतो. यातून निघतं ते असं, की ऐन वेळी जे सुचणार नाही ते आधी, घरात, शांत डोक्याने ठरवून ठेवायचं. हे बोलणं शनिवारी दुपारी ती तयार होत असताना काढू नका, तेव्हा तिच्या कानात काही शिरणार नाही. फोनची कबुली देऊन झाली, तिचा राग थोडा निवळला, की आदल्या एक-दोन दिवसांत कधीतरी बसा. आणि नियम सांगायला सुरुवात करण्याआधी तिलाच विचारा, 'किती वाजेपर्यंत येशील?' मुलं पुष्कळदा आईबापांच्या मनातल्या वेळेच्या आधीची वेळ सांगतात. नाही सांगितली, तर अर्ध्या तासासाठी घासाघीस करा. तिने कबूल केलेली वेळ ती पाळेल, तुम्ही लादलेली वेळ कशी टाळता येईल ते शोधेल.

जायचं कसं, यायचं कसं, बेत बदलला तर एक मेसेज, फोन पूर्ण चार्ज, आणि एकटीला घरी यायला पुरतील एवढे स्वतःचे पैसे, हे सगळं तिलाही पटण्यासारखं आहे. पैशांचं विशेष लक्षात ठेवा. परत येण्यासाठी दुसऱ्या कुणावर अवलंबून असलेली मुलगी मनाविरुद्ध थांबते.

तिला चालणार असेल तर व्हॉट्सॲपवरचं लाइव्ह लोकेशन वापरा. त्यात १५ मिनिटं, १ तास आणि ८ तास असे पर्याय असतात आणि वेळ संपली की ते आपोआप बंद होतं. तिने ते स्वतःच्या बोटाने सुरू करणं आणि तुम्ही तिच्या फोनमध्ये गुपचूप काही बसवून ठेवणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मात्र ठिपका दिसतोय म्हणून तो न्याहाळत बसायचं नाही. तो सिनेमागृहावरून दोन तास हलणार नाही, सिनेमा बघणारी माणसं हलत नाहीत.

दुसरी एक युक्ती बरेच आईबाप वापरतात आणि ती मला फार आवडते. एक साधा, कुणाला शंका येणार नाही असा मेसेज ठरवून ठेवायचा. समजा, 'सोमवारचा गृहपाठ कोणता आहे?' तो आला, की तुम्ही तिला फोन करायचा आणि पलीकडच्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचं, 'ताबडतोब घरी ये, काम आहे, मी निघालोय घ्यायला.' तिला त्या मुलासमोर वाईट व्हावं लागत नाही, वाईट बाबा होतात. तुमच्या कडकपणाला अखेर काहीतरी उपयोग सापडला म्हणा. यात एक अट आहे, तीच सगळ्यात कठीण: घरी येताना वाटेत एकही प्रश्न विचारायचा नाही. 'मी म्हटलं नव्हतं?' तर नाहीच नाही. ती सांगेल तेव्हा ऐकायचं. ही अट एकदा मोडलीत, तर तो मेसेज पुन्हा येणार नाही.

शरीर, स्पर्श, गर्भधारणा यांबद्दल तिला खरी माहिती आहे की मैत्रिणींकडून ऐकलेली, हे तुम्ही दोघांनी बघायलाच हवं. आई बोलली तर तिला सोपं जाईल, पण बापाने काहीच बोलायचं नाही असं नाही. फक्त ते शनिवारच्या तोंडावर काढू नका. सिनेमाला निघालेल्या मुलीला त्यातून एवढंच कळेल, की बाबांनी मनात काय काय चित्र रंगवलंय. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते चिंतलेलं सगळं तिच्यासमोर ओतायची गरज नाही.

फोटोंबद्दल मात्र आत्ताच बोला. अंगावर कपडे नसलेला किंवा खासगी असा कुठलाही फोटो कुणालाही पाठवायचा नाही, मागणारा कितीही आवडता असला तरी. हे सगळेच पालक सांगतात. पुढचं वाक्य बहुतेक जण गाळतात: 'आणि तरीही कधी गेला असेल, तर पहिल्यांदा माझ्याकडे ये. मी ओरडणार नाही. आधी आपण तो काढायच्या मागे लागू.' तो काढायला मार्ग असतात. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे, ती कुठूनही वापरता येते. त्यात मूळ फोटो कुणाला पाठवावा लागत नाही. त्याचा एक डिजिटल ठसा तयार होतो, आणि त्यात सहभागी असलेल्या कंपन्या त्यावरून आपल्या ठिकाणी तो फोटो शोधून काढून टाकू शकतात. मुली अशा वेळी गप्प राहतात आणि धमकावणाऱ्याचं फावतं, ते बापाच्या रागाच्या भीतीनेच. म्हणून ते वाक्य गाळू नका.

मुलाच्या वडिलांना फोन करू नका. काय बोलणार आहात? 'तुमचा मुलगा माझ्या मुलीबरोबर सिनेमाला जातोय, लक्ष असू द्या'? तो मुलगा सोमवारी वर्गात हे सगळ्यांना सांगेल आणि तुमच्या मुलीला वर्षभर ते ऐकावं लागेल. त्याला बघायचंच असेल तर लेकीला विचारा, 'निघताना दोन मिनिटं भेटेल का?' ती हो म्हणाली तर भेटा. नाव विचारा, तुमचं नाव सांगा, सिनेमा कुठला ते विचारा, आणि आत जा. हात दाबून हाडं मोजायची नाहीत. 'माझी एकुलती एक मुलगी आहे हं' असलं डोळे रोखून म्हणायचं नाही. दारात उभं राहून पोराला घाबरवणारे बाप विनोदात बरे वाटतात. प्रत्यक्षात त्या विनोदाची किंमत मुलगी मोजते, आणि घाबरलेला मुलगा चांगला वागतो असंही नाही, तो फक्त पुढच्या वेळी दारात येत नाही.

आता शनिवार. ती बाहेर असताना फोन करायचा नाही. मेसेज नाही, 'पोचलीस का' सुद्धा नाही. पोचल्यावर ती कळवेल असं आधीच ठरवा. तुम्ही घरात येरझाऱ्या घालणार हे उघड आहे, तर बाहेर जा. लेकाला बरोबर घ्या, त्याच्याशी जे बोलायचं राहिलंय ते चालता चालता बोला. चालताना एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, अशी बोलणी तेव्हा सोपी जातात.

तुम्ही रात्री जागून ज्याची भीती बाळगताय ते बहुधा होणार नाही. जे होऊ शकतं ते फार किरकोळ आहे आणि त्याची तुम्ही तयारीच केलेली नाही. तो मुलगा येणारच नाही. किंवा येईल आणि अडीच तासांत तीन वाक्यं बोलेल. किंवा सगळं छान होईल आणि त्यानंतर त्याचा मेसेजच येणार नाही, आणि तुमची लेक रविवारभर फोन उलटा-सुलटा करत बसेल. पहिल्या डेटला मुलींचं, आणि मुलांचंही, बहुतेक नुकसान होतं ते असं. ती ठरलेल्या वेळेच्या तासभर आधी, चेहरा पाडून घरी आली, तर 'चला, बरं झालं' हे तुमच्या चेहऱ्यावर दिसता कामा नये. आतून जीव भांड्यात पडला तरी. 'जाऊ दे गं, असे छप्पन मिळतील' हेही नको, तिला छप्पन नको होते. शेजारी बसा. जेवलीस का विचारा. एवढं पुरतं.

आणि ती हसत आली, तर एकच प्रश्न: 'कसा होता सिनेमा?' तिला त्या मुलाबद्दल बोलायचं असेल तर ती सिनेमापासून सुरू करून तिथे येईल. नसेल, तर सिनेमाची गोष्ट ऐका, सगळी, शेवटासकट.

अडवायचं कधी, ते सांगते म्हणाले होते. मुलगा वयाने बराच मोठा असेल, समजा ती १६ आणि तो २२, तर नाही. ओळख फक्त ऑनलाइन झालेली आणि भेटायचं ठिकाण त्याने ठरवलेलं, तर नाही. पहिलीच भेट कुणी नसलेल्या घरात असेल, तर नाही. 'घरी सांगू नकोस' असं तो म्हणत असेल, तर ठाम नाही. संमतीच्या वयाचा कायदा देशोदेशी वेगळा आहे, तुमच्याकडचा काय आहे हे तुम्हाला आणि दोन्ही मुलांना नीट माहीत हवं, कारण त्याचे चटके मुलालाही बसतात. अशा वेळी नाही म्हणताना आवाज चढवू नका, कारण सांगा आणि ती कितीही चिडली तरी बदलू नका. आज उगाच घातलेलं 'नाही' त्या दिवसासाठी राखून ठेवा. एरवी प्रत्येक गोष्टीला नाही म्हणणाऱ्या बापाचं खरं 'नाही' वेगळं ऐकू येत नाही.

एक शंका तुम्ही लिहिलेली नाही, पण ती येणार. तो मुलगा तुम्हाला आवडलाच नाही तर? आईबापांनी विरोध केला की प्रेम जास्तच पेटतं, असं आपण नेहमी ऐकतो. रिचर्ड ड्रिस्कॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली जोडप्यांवर केलेल्या एका अभ्यासात तसं आढळलंही होतं. पण २०१४ साली दुसऱ्या संशोधकांनी तोच अभ्यास पुन्हा करून बघितला तेव्हा तसं दिसलं नाही. उलट घरच्यांची आणि मित्रांची पसंती असेल तिथे नाती जास्त घट्ट होती. म्हणजे तुमच्या मताला लेकीपाशी वजन आहे, तुम्हाला वाटतं त्याहून जास्त. म्हणून ते उधळू नका. आवडला नाही, तर निदान आठवडाभर गप्प राहा. केस, कपडे, बोलण्याची ढब यांवर चकार शब्द काढू नका. त्याच्या वागण्यातलं काही खरंच खटकलं असेल, तर तेवढंच सांगा: 'तू बोलत असताना त्याने तुला दोनदा तोडलं, मला ते आवडलं नाही. तुला काय वाटलं?' आणि उत्तर ऐकून घ्या, लगेच खोडू नका. एकदाच सांगा. दुसऱ्यांदा सांगावंसं वाटलं, तर आधी तिला विचारा, की मागच्या वेळी मी जे बोललो त्यावर तू विचार केलास का. केला असेल तर ती सांगेल, आणि तिचं म्हणणं तुमच्यापेक्षा वेगळं निघालं, तर ते तसं असू द्या.